गाडीचा इसार देण्याआधी

पत्र, थोडक्यात:

“ताई, मी ३८ वर्षांची आहे, लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर घरमालकांनी आमच्या भाड्याच्या घराला आतून ऑइलपेंट दिला आणि तेव्हापासून माझं सगळं बिनसलं. रंग, फिनाईल, उदबत्ती, अत्तर, नव्या कपड्यांचा वास, फवारणी, काहीही नाकात गेलं की डोकं जड होतं, घसा आवळतो, वर्गात बोलताना शब्द सुचेनासे होतात. त्यानंतर दोन घरं बदलली. आताच्या घरात न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीला कायम ओल असते, कुबट वास येतो, पावसाळ्यात रात्र रात्र खोकते. दम्याचा पंप दिला होता, त्याचाही वास सहन होईना म्हणून बंद केला. सासूबाई म्हणतात, ‘काय नाही माय, मनाचे खेळ हायेत.’ मिस्टरांनी यूट्यूबवर पाहिलं की अमेरिकेत असा त्रास असणारी माणसं गाडीतच घर करून राहतात. एका ट्रॅव्हल्सवाल्याची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर बघून ठेवली आहे. ती आतून घरासारखी करायची आणि गावाकडे आमच्या चार एकर सोयाबीन-तुरीच्या रानात उभी करायची, असा विचार आहे. सगळं मिळून सात लाख होतील, त्यातले चार शिक्षक पतसंस्थेतून काढावे लागतील. मुलगा नऊ वर्षांचा आहे. गावी जुनं माळवदाचं घर आहे, सासूबाई तिथेच असतात. तिथे गेल्यावर दोन-तीन दिवसांत मला बरं वाटतं, पण ते बहुतेक सुटीमुळे असेल. गाडी घ्यावी का? आणि हे खरंच मनाचे खेळ असतील का?”

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण गाडीपेक्षा तोच तुम्हाला जास्त जाळतोय, असं पत्र वाचताना जाणवत राहिलं.

तुमचं डोकं खरंच दुखतं, घसा खरंच आवळतो. यात नाटक काही नाही. वाद आहे तो हे कशामुळे होतं यावर. १९८७ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर मार्क कलन यांनी या त्रासाची व्याख्या मांडली आणि ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ (अनेक रसायनं न सोसणं) हे नाव रूढ झालं. पुढे १९९६ मध्ये बर्लिनला जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने एक बैठक झाली. त्रास रसायनामुळेच होतो हे नावातच धरून चाललं होतं आणि ते सिद्ध झालेलं नव्हतं, म्हणून नाव बदलावं असं तिथे सुचवलं गेलं. समोर रसायन सोडलंय की नुसती हवा आहे, हे न सांगता काही चाचण्या झाल्या आहेत. त्यांत बहुतेकांना फरक ओळखता आला नाही, पण त्रास दोन्ही वेळा झाला. घरात एकदा साप निघाला की पुढे कित्येक महिने अंधारात दोरी दिसली तरी अंगावर काटा येतो. दोरी विषारी नसते, पण तो काटा खोटा नसतो. तुमच्या शरीराचा पहारेकरी त्या ऑइलपेंटच्या दिवसांपासून असाच जागा राहिलेला असू शकतो. मी डॉक्टर नाही, पण या विषयावर जे वाचलंय आणि अशी जी माणसं जवळून पाहिलीत, त्यावरून मला हे पटतं.

कुबट भिंतीची गोष्ट मात्र वेगळी. तिथे फारसा वादच नाही. घरातली ओल आणि बुरशी यांचा खोकल्याशी, दम लागण्याशी, दम्याशी संबंध आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलंय. तुम्ही पत्रात वासाचा त्रास आणि रात्रीचा खोकला एकाच गाठोड्यात बांधलेत. ते गाठोडं आधी सोडा. वास आला की डोकं जड होणं ही एक गोष्ट. पावसाळ्यात रात्रभर खोकणं ही दुसरी, आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत.

म्हणून तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, ती गाडीची नाही, पंप बंद केल्याची आहे. ताई, हे असं परस्पर करू नका. गॅसवर चालणाऱ्या पंपाचा फवारा घशाला झोंबतो, खरं आहे. पण कोरड्या भुकटीचाही पंप मिळतो. त्यात कॅप्सूल घालून आपणच ओढायचं असतं, गॅस नसतो. डॉक्टरांना नुसतं एवढंच सांगा की फवारा सोसत नाही, भुकटीचा द्या. आणि फुंकून श्वास मोजायची तपासणी, स्पायरोमेट्री, एकदा करून घ्या. लातूरच्या किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात छातीरोग विभाग गाठा. जाताना कुठल्या दिवशी, कुठे, काय झालं याची वही बरोबर न्या. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या. शब्द न सुचणं, थकवा, डोकं जड होणं यामागे कधीकधी एवढं साधं कारण निघतं.

आता गाडी.

तुमच्या मिस्टरांनी जे पाहिलं ते खरं आहे. अमेरिकेत वासांचा आणि बुरशीचा त्रास असणारी अनेक माणसं गाडीघरात राहतात. पण व्हिडिओत शेवटची चकचकीत गाडी दिसते, तिच्याआधी काय काय उपसून टाकलं ते दिसत नाही. तिकडची नवी गाडीघरं या लोकांना बहुधा सोसतच नाहीत. आतली कपाटं, फळ्या, पलंग हे सगळं प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफचं असतं आणि ते चिकटवायच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. २००५ मध्ये तिथे कॅटरिना चक्रीवादळ आलं. बेघर झालेल्या लोकांना सरकारने ट्रेलरची घरं दिली आणि लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, खोकला सुरू झाला. २००७-०८ च्या हिवाळ्यात सरकारी आरोग्य यंत्रणेने अशा ५१९ घरांची हवा तपासली. त्यात दर अब्ज भागांत सरासरी ७७ भाग फॉर्मल्डिहाइड निघालं, साध्या घरांत असतं त्याच्या कित्येक पट. आणि हे थंडीत. उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वायू जास्त सुटतो, म्हणून उन्हाळा लागायच्या आत लोकांना तिथून हलवा, असा सल्ला तेव्हा दिला गेला.

त्यांचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याची गाडी रानात उभी, आत नवं प्लायवूड, त्यावर रबरी गोंदाने चिकटवलेलं लॅमिनेट, फोमच्या गाद्या. दहा बाय बाराच्या खोलीत जेवढी हवा असते, तिच्या निम्मीसुद्धा त्या गाडीत नसते. ज्या रंगाच्या वासाने तुमचं तीन वर्षांपूर्वी बिनसलं, त्याहून वाईट गोष्ट तुम्ही सात लाख देऊन स्वतःभोवती बांधून घ्याल, अशी मला भीती वाटते.

शिवाय गाडी ट्रॅव्हल्सची. किती वर्षं फिरली असेल! प्रवाशांच्या उलट्या, त्यावर ओतलेलं फिनाईल, आरशाला टांगलेल्या अत्तराच्या बाटल्या. चटईखालचं गोंद. एसीच्या डक्टमध्ये साचलेलं पाणी आणि तिथे वाढलेली बुरशी. सीटा काढल्या तरी डक्ट तसाच राहतो आणि सुरू केला की तेच सगळं तोंडावर येतं.

ओलीबद्दल एक आठवण सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर औसा तालुक्यातल्या माझ्या मावशीचं घरदार कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये होतं आणि मी तिच्याकडे जाऊन राहायची. डिसेंबरातली थंडी. पहाटे गोधडीवर टपकन थेंब पडायचा. बाहेर आभाळ निरभ्र, चांदण्या लखलखीत, आणि आत पाऊस. आम्ही सातजण त्या शेडमध्ये झोपायचो आणि आमच्याच श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमून आमच्याच अंगावर पडायची. मावशी उठून जुन्या लुगड्याच्या फडक्याने पत्रा पुसायची, फडकं दाराबाहेर पिळायची आणि पुन्हा पुसायची. एका कोपऱ्यात पत्र्याला टेकून ट्रंक ठेवली होती. संक्रांतीला ती हलवली तर मागच्या गोधड्यांवर तळहाताएवढे काळे डाग पडले होते. तो वास मी आजही ओळखेन. कुबटच, तुमच्या भिंतीसारखा.

गाडीत हेच होणार. तिघं जण रात्रभर झोपले तर श्वासातून आणि अंगातून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत जातं. गॅसचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. म्हणजे घरगुती १४.२ किलोची टाकी संपेपर्यंत बावीसेक लिटर पाणी नुसत्या ज्योतीतून तयार होतं. भाताची, वरणाची वाफ आणखी वेगळी. पत्र्याला आतून थर्मोकोल लावून त्यावर फळ्या ठोकल्या की सगळं छान झाकलं जातं. ती वाफ मात्र फटीतून आत शिरते, पत्र्यावर पाणी होते आणि फळीमागे बुरशी धरते. दिसत काहीच नाही. फक्त तुमचा खोकला वाढतो आणि कारण कळत नाही.

आणि रान. ताई, सोयाबीनचं रान तुमच्यासाठी जागाच नाही. पेरणी झाली की तणनाशक, मग जुलै-ऑगस्टभर अळीची फवारणी, पुढे तुरीला फुलं-शेंगा लागल्या की पुन्हा औषध. तुम्ही स्वतःच्या रानात नाही मारलं तरी शेजारचा बांध मारणारच, त्याला कोण नको म्हणणार? २०१७ मध्ये विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी आणि मजूर दगावले, अन् ती सगळी धडधाकट माणसं होती. त्यात काळी माती. पावसात गाडीची चाकं रुततात आणि खालून महिनोन् महिने ओल चढत राहते. गाडी कधी उभी करायचीच झाली तर पिकापासून लांब, मुरमाड माळावर, पाणी वाहून जाईल अशा उंचवट्यावर करा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. म्हणजे फवारणीची रानं गाडीच्या पूर्वेला राहतील असं बघा.

एवढं सगळं वाचूनही गाडी घ्यायचीच ठरली, तर मग ती घरासारखी सजवू नका. रिकामी ठेवा. सीटा, चटई, छताचं कापड, डक्ट, सगळं काढून नुसता पत्रा उघडा करा आणि तो उघडाच ठेवा, म्हणजे मावशीसारखा रोज पुसता येईल. उन्हासाठी आतून काही लावू नका. गाडीच्या वर चार खांबांवर वेगळं छप्पर घाला, मध्ये हातभर मोकळी जागा सोडून. ऊन त्या छपरावर पडेल, गाडीवर नाही. आत लोखंडी किंवा स्टीलचे रॅक, जुन्या सागाची किंवा बाभळीची एखादी फळी आणि झोपायला सुताच्या नवारीची बाज. बाजेखालून हवा खेळते, गादीखाली ओल धरत नाही. गादी कापसाची, दर आठवड्याला उन्हात टाकायची. स्वयंपाक गाडीबाहेर, पडवीत. समोरासमोर दोन खिडक्या, छताला हवा बाहेर ओढणारा पंखा. हवेतला दमटपणा मोजायचं छोटं यंत्र काही शेकड्यांत मिळतं. काटा साठ टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. कूलर फक्त कोरड्या उन्हाळ्यात, खिडकी उघडी ठेवून, आणि वाळ्याचे पडदे दरवर्षी नवे. पावसाळ्यात कूलर लावलात तर तुम्ही बुरशीची शेतीच कराल. थंडीत निखाऱ्याची शेगडी आत घ्यायची नाही, इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. बंद गाडीत वास न येणारा कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत.

कुठलीही वस्तू आत नेण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. त्या वस्तूचा तुकडा, मग ती फळी असो, कापड असो की रंग लावलेली पट्टी, काचेच्या स्वच्छ बरणीत घालून झाकण घट्ट लावा. दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी बाहेर अंगणात मिस्टरांना आधी झाकण उघडून हुंगायला सांगा. त्यांनाच वास आला तर ती वस्तू बाद. त्यांना आला नाही तर मग तुम्ही, लांबून. गाडीचीही अशीच परीक्षा घेता येते. भर दुपारी दोन तास बंद ठेवून दार उघडायचं. गळती बघायला आत वर्तमानपत्रं अंथरा आणि बाहेरून छताच्या सांध्यांवर, खिडक्यांच्या रबरांवर तासभर पाइपने पाणी मारा. कागद कुठे भिजला ते आत जाऊन बघा. विकणारा हे करू देत नसेल, तर त्याला रामराम करा.

कागदपत्रांचं थोडक्यात. प्रवासी गाडीचं घर करणं म्हणजे नोंदणीतला बदल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरटीओची मंजुरी आधी घ्यावी लागते आणि मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे गाडीघरासाठी, एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. परस्पर बदल केलेत तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. पतसंस्थेचं कर्ज मात्र फेडावंच लागतं.

आता तुम्ही पत्रात सहज लिहून टाकलेल्या ओळीकडे येते. गावच्या माळवदाच्या घरी दोन-तीन दिवसांत बरं वाटतं, पण ते सुटीमुळे असेल. असेलही. पण मला त्यात आणखी काही दिसतं. माळवदाला प्लायवूड नसतं. जाड मातीच्या भिंती, तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर, जमीन शेणाने सारवलेली. मातीची भिंत दमट हवेतली ओल शोषते आणि हवा कोरडी झाली की सोडते, त्यामुळे पत्र्यासारखं पाणी ठिबकत नाही. ऑइलपेंटही तिथे कुणी देत नाही, चुना देतात, आणि चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. ज्या गोष्टींसाठी अमेरिकेतली माणसं पैसे मोजून गाडी उपसतात, त्यातल्या बऱ्याच तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांनी घर बांधतानाच टाळल्या होत्या.

माळवदाचं कौतुक मी डोळे झाकून करत नाही. लातूर जिल्ह्यातल्या बाईला हे सांगायला नको, की १९९३ मध्ये तीच जड छपरं आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. म्हणून आधी एखाद्या इंजिनिअरला ते घर दाखवा. भिंतींना फुगवटा, चिरा, तुळईला वाळवी काही आहे का ते बघा. त्याने होकार दिला तरच पुढचं. वाळवी निघाली तर औषध मारण्याआधी मला कळवा, तेही तुम्हाला सोसणार नाही. मृगाआधी छपरावर नवी माती पडली नसेल तर माळवद गळतं, आणि गळलेलं माळवद तुमच्या आताच्या भिंतीइतकंच वाईट. हा खर्च दरवर्षीचा आहे.

त्या घरात एक दोन खणांची खोली मागा. विश्वास मागू नका, खोली मागा. सासूबाईंना तुमचा आजार पटवून देत बसलात तर दोघींचं आयुष्य त्यातच जाईल. त्यांना म्हणा, आई, मनाचे खेळ असतील तर असू द्या, पण ही खोली मला दोन महिने रिकामी करून द्या. रिकामी म्हणजे कशी, ते नीट सांगा. खतांची पोती, औषधाचे डबे, फवारणीचा पंप घराबाहेर. धान्य दुसरीकडे, आणि धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या असतील तर त्या घरातून जाऊच द्या. त्यातून सुटणाऱ्या वायूने चांगली माणसं दगावतात, इथे तुमच्या नाजूकपणाचा प्रश्नच नाही. डांबरगोळ्या नकोत, डासांची कॉइल नको, मच्छरदाणी लावा. देवाला उदबत्तीऐवजी तुपाचं निरांजन आणि फुलं. धूप घालायचाच असेल तर तुळशीपाशी, अंगणात. मला वाटतं, त्या ऐकतील. नातवासाठी घर जागं होणार असेल तर आजी फार काही ऐकते, हे मी खूप घरांत पाहिलंय.

मग त्या खोलीत बाजेवर सलग एकवीस रात्री झोपा. सुटीत नाही, शाळा चालू असताना. रोज सकाळी वहीत चारच गोष्टी लिहा: रात्री किती वेळा खोकला उठला, डोकं कसं आहे, आदल्या दिवशी कुठला वास आला, पंप घेतला का. सुटीमुळे बरं वाटत होतं की घरामुळे, ते तिसऱ्या आठवड्यात वहीच सांगेल. तिथे बरं वाटलं तर सात लाखांतले थोडे त्या खोलीवर खर्च करा, आणि रोजच्या जाण्या-येण्याचा हिशेब घाला. तिथेही बरं वाटलं नाही, तर गाडीतही वाटणार नाही, हे मात्र मी ठाम सांगते. मग छातीरोग तज्ज्ञांच्या जोडीने मनाच्या डॉक्टरांनाही भेटा. जागा राहिलेल्या पहारेकऱ्याला पुन्हा झोपवायचं काम तेही करतात. त्यात लाज कसली?

मुलाचंही बघा. रानात उभ्या गाडीत अंधार पडल्यावर नऊ वर्षांचं लेकरू कुणाशी खेळेल? वासाच्या भीतीने घरं बदलत गेलेली माणसं मी पाहिलीत. त्यांचं जग दरवर्षी थोडं थोडं लहान होत गेलं, आधी बाजार सुटला, मग लग्नकार्यं, मग माणसं. तुमचं तसं होऊ नये असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून शाळा सोडायचा विचार करू नका. मुख्याध्यापकांना एवढंच विचारा की वर्गांना रंग द्यायचा तो मे महिन्याच्या सुटीत देता येईल का, आणि तुमच्या वर्गाची फरशी फिनाईलऐवजी साबणाच्या पाण्याने पुसता येईल का. लेखी विचारा, गोडीने.

तोवर आताच्या घराचं. येत्या रविवारी त्या भिंतीजवळचं कपाट वीतभर पुढे ओढा, मिस्टरांना ओढायला सांगा, तुम्ही बाहेर थांबा. मागे काळे-हिरवे डाग दिसले तर त्यांनी एन-९५ मास्क लावून साबणाच्या पाण्याने ब्रशने घासावं, आणि दार-खिडक्या उघड्या ठेवून पंख्याने त्याच दिवशी कोरडं करावं. कुबट झालेली गादी, उशी, पुठ्ठ्याचे खोके टाकून द्या, ते धुऊन जात नाही. पण न्हाणीघराचा पाइप किंवा फरशीचे सांधे गळताहेत तोवर पुसणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं आहे. घरमालकांना प्लंबर आणायला सांगा. आणि ते पोपडे झाकायला ‘एक हात रंग मारून देतो’ म्हणाले, तर हात जोडून नको म्हणा.

गाडीचा इसार अजून दिला नसेल असं धरून चालते. दिवाळी नुकतीच झालीय, थंडी कोरडी आहे, त्या खोलीत झोपून बघायला हेच दिवस चांगले आहेत. ट्रॅव्हल्सवाल्याला सांगा की शिवरात्रीनंतर कळवतो. वहीची एकवीस पानं भरली की मला पाठवा, मी वाट बघते.